निळ्या काठाचं पांढरं भांडं

"मग मी काय सांगायला हवं होतं? पांढरं भांडं म्हणजे मी?" नवरी म्हणाली.

"हो," अवेरो म्हणाली. "तसंच सांगायला हवं होतं."

"शिकलेली मुलगी समोर वही घेऊन बसलीय, आणि मी तिला सांगू की जाऊबाई माझ्यावर जळत होत्या म्हणून मला भांडं म्हणाल्या?"

"जळत होते हे तू ठरवलंस."

"मग काय करत होतात?"

"गाण्याची ओळ करत होते. तुझ्यावर केलेली ओळ. आणि तू ती उचललीस आणि गोऱ्या साहेबाला देऊन टाकलीस. कोणाला विचारलंस?"

अंगणात माग थांबले होते. आमचं घर विणकरांचं. दिवस उजाडल्यापासून पडवीतल्या पाच मागांची खटखट चालू असते आणि ती थांबली की समजावं, पुरुष बायकांचं भांडण ऐकताहेत. फक्त अवेरोच्या नवऱ्याचा, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांचा माग चालू होता. चाळीस वर्षं त्या आवाजाशेजारी बसून त्यांना आता काहीच ऐकू येत नाही.

मी दोघींच्या मध्ये उभी होते, हातात नवरीच्या नातीचा, बुशिराचा परीक्षेचा पेपर. भांडण माझ्यामुळे लागलं होतं.

मी गावातल्या शाळेत सहावीला इंग्रजी शिकवते. घरात मला कोणी रमोता म्हणत नाही, मास्तरीण म्हणतात. त्या सत्रात मी मुलांना एक कविता शिकवली होती, आमच्याच घरच्या मुलीच्या पुस्तकातली, आणि परीक्षेत प्रश्न घातला: 'कवितेतलं पांढरं भांडं म्हणजे कोण?' पुस्तकाच्या शेवटी टीप होती, पांढरं भांडं म्हणजे गोऱ्यांची सत्ता, आणि धुरात काळं पडलेलं मडकं म्हणजे इथली भाषा, इथली माणसं. वर्गातल्या बत्तीस मुलांनी लिहिलं, 'इंग्रज'. नवरीच्या नातीने, बुशिराने लिहिलं, 'माझी आजी'. मी तिला शून्य दिलं.

ती पेपर घेऊन रडत घरी आली आणि आजीकडे न जाता अवेरोपाशी जाऊन बसली. अवेरोला वाचता येत नाही. तिने बुशिराला माझ्या कपाटातलं पुस्तक आणायला लावलं आणि टीप आपल्या भाषेत सांगायला लावली. पोरगी अडखळत सांगत गेली. शेवटची दोन वाक्यं अशी होती: 'पारंपरिक, कवी अज्ञात. अर्थ समजावून दिल्याबद्दल श्रीमती फेलिशिया यांचे आभार.'

"अज्ञात म्हणजे?" अवेरोने विचारलं.

"म्हणजे कोणी केलं ते माहीत नाही."

"कोणाला माहीत नाही?"

बुशिराने पान उलटून बघितलं. आणि श्रीमती फेलिशिया म्हणजे नवरी. मिशनच्या शाळेतलं तिचं ते नाव घरात कोणा सुनेच्या तोंडी नव्हतं, पण ते बाहेरच्या पत्र्याच्या ट्रंकेवर अजून रंगवलेलं आहे. अवेरोला अक्षर येत नसलं तरी ट्रंकेवरचं नाव ती ओळखते. चव्वेचाळीस वर्षं ते तिच्या दारासमोर आहे.

नवरी आता बासष्ट वर्षांची आहे. तिला सहा नातवंडं आहेत. पण आमच्याकडे सुनेचं वय ती उंबरा ओलांडून आत आली त्या दिवसापासून मोजतात, आणि ती अवेरोनंतर सात आठवड्यांनी आली. म्हणून अवेरो मोठी आणि ही नवरी. मी त्या दोघींनंतर अठरा वर्षांनी आले, त्यामुळे मी नवरीसुद्धा होऊ शकले नाही. ती जागा आधीच भरलेली होती.

सदुसष्ट सालच्या कोरड्या दिवसांत अवेरो या घरात आली. तिच्या माहेरी बायका मडकी घडवतात. आईने तिला पाठवणीला एकच मोठी वस्तू दिली होती, स्वतःच्या हाताने भाजलेलं स्वयंपाकाचं मडकं. अठरा माणसांचं, कंदाच्या पिठाचं पिठलं एका वेळी त्यात हाटता यायचं. पहिल्या दिवसापासून तिची जागा चुलीपाशी ठरली. तीन दगडांची ती चूल अंगणात अजून तिथेच आहे. पहाटे उठून पाणी आणायचं, मग सासऱ्यांच्या दाराबाहेर गुडघे टेकून घराण्याची ओरीकी म्हणायची, म्हणजे या घराचे पूर्वज कोण, त्यांनी काय केलं, त्यांचं काय काय चांगलं, ते सगळं सुरात म्हणून त्यांना जागं करायचं. हे काम सुनांचं. लेकी घर सोडून जातात. परक्या घरातून आलेल्या बायकांनीच या घराची कीर्ती पाठ करायची आणि पुढच्या सुनेला द्यायची, हा आमचा रिवाज.

अवेरो मागे बसून, मिरच्या वाटता वाटता, ते जुन्या सुनांकडून शिकली. तीन आठवड्यांत तिला सगळं येत होतं. पाचव्या आठवड्यात सासऱ्यांनी दार उघडण्याआधी विचारलं, "आज कोण म्हणतंय?" अवेरोचा आवाज असा होता की शेजारच्या घरातले माग थांबायचे. मी तो वय झाल्यावरचा ऐकलाय, तरी मला कळतं. माझा स्वतःचा आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जातो, एवढंच त्याचं कौतुक.

आणि सातव्या आठवड्यात फेलिशिया आली. चौथीपर्यंत शाळा, पत्र्याची ट्रंक, एक कंदील आणि निळ्या काठाचं पांढरंशुभ्र एनॅमलचं भांडं. इतकं गुळगुळीत भांडं घरात कोणी पाहिलं नव्हतं. सासूबाईंनी ते हातात फिरवलं, त्यात स्वतःचं तोंड बघितलं आणि चुलीच्या पुढच्या दगडावर ठेवलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. मडकं मागच्या दगडांवर गेलं, जिकडे धूर जातो तिकडे. शिवाय नवी सून पत्रं वाचायची. लेगॉसला गेलेल्या दिरांचं पत्र आलं की सासूबाई तिला आपल्या बाकड्यावर शेजारी बसवायच्या. अवेरो उभी राहून ऐकायची, हात पिठाने भरलेले.

पुढच्या बाजाराच्या दिवशी, पहाटे, सासऱ्यांच्या दाराबाहेर अवेरोने रोजची ओरीकी म्हटली. धाग्याला वाट दाखवणाऱ्यांची लेकरं, ज्यांच्या दारी नागडा आला आणि पांघरून गेला, हे सगळं झालं, आणि मग त्याच सुरात, श्वास न सोडता:

काल आलं पांढरं भांडं, पुढच्या दगडावर बसलं.
घर पोसणारं मडकं मागे, धुरात काळं पडलं.

आणि म्हणताना तिने मान वळवून नवरीच्या दाराकडे बघितलं.

सासरे आत हसले म्हणतात. सुना गाण्यात असे टोमणे घालतातच. दोन दिवस हसतात आणि विसरतात. ही ओळ कोणी विसरलं नाही, कारण ती चांगली होती. लग्नात म्हटली गेली, मयताला म्हटली गेली, आणि दर वेळी अवेरो त्या जागी आली की तिची मान वळायची. मी या घरात आले तेव्हा मला वाटलं होतं, तिच्या मानेला काही झालंय.

म्हणजे मला माहीत होतं. शून्य देताना मला माहीत होतं. 'माझी आजी' हे बरोबर उत्तर म्हणून मान्य केलं असतं तर पुस्तक चुकीचं ठरलं असतं, आणि पुस्तकाला लेगॉसमध्ये मोठं बक्षीस मिळालं होतं, हे एक. दुसरं कारण मी कोणाला सांगितलेलं नाही. सव्वीस वर्षं मी या घरात भात शिजवते, पत्रं वाचते, सगळ्यांच्या पोरांना शिकवते, आणि माझ्यावर कोणी अर्धी ओळ केली नाही. नवरीवर एक आख्खी आहे, आणि ती इंग्रजीत छापलीय. शून्य लिहिताना लाल पेन मी जरा दाबून चालवलं.

आता जिच्या पुस्तकाचं हे सगळं, तिच्याबद्दल.

ती या घरची लेक, थोरल्यातल्या थोरल्या दिरांची मुलगी. अवेरो आली तेव्हा सहा वर्षांची होती, आणि सून येण्याआधी जे जे घरात जन्मलंय त्याचं नाव सुनेने घ्यायचं नसतं. त्याला नवरा म्हणायचं, मग ती मुलगी का असेना, आणि स्वतः ठेवलेल्या टोपणनावाने हाक मारायची. अवेरोने तिला मोतीदात म्हटलं. पुढे आम्ही सगळ्याच सुनांनी तेच उचललं. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तिचं नाव आहे, मी ते वर्गात फळ्यावर लिहितेही, पण तोंडाने म्हणत नाही. मुलं हसतात. त्यांना वाटतं बाईंना उच्चार येत नाही.

मोतीदात इबादानला शिकली, तिथेच आता प्राध्यापक आहे. शहाऐंशी साली, विद्यार्थिनी असताना, ती एक टेपरेकॉर्डर घेऊन घरी आली होती. अवेरोने तिच्यासाठी दीड तास म्हटलं. मग मोतीदात वही उघडून बसली आणि विचारू लागली, या शब्दाचा अर्थ काय, ही ओळ कशावर आहे. अवेरोने हात झटकले आणि चुलीकडे गेली.

"अहो, गाणं कोणी समजावून सांगतं का," ती म्हणाली होती. "मी म्हटलं. तुम्ही ऐकलं. झालं."

म्हणून मोतीदात वही घेऊन नवरीकडे गेली. नवरीला थोडं इंग्रजी येत होतं, सांगायची हौस होती, आणि त्या एका ओळीपाशी आल्यावर काहीतरी सांगावं लागणार होतं. ती म्हणाली, गोऱ्या साहेबावर आहे, फार जुनी ओळ.

गोरा साहेब साठ साली देश सोडून गेला. ओळ सदुसष्ट सालची. पण तारीख विचारायला कोणाला सुचलं नाही. त्या पोरीचे डोळे चमकले म्हणे, तिने ती ओळ वहीत दोनदा अधोरेखित केली, आणि पंचवीस वर्षांनी तिच्यातून एक कविता झाली. इंग्रजीत. 'आम्ही आमच्याच चुलीच्या मागे' असं काहीसं तिचं शेवटचं कडवं आहे. वाचताना माझ्याही अंगावर काटा आला होता, हे कबूल करायला हवं. मी तर ओळ कोणावर आहे ते जाणत होते, तरी आला.

तर मंगळवारी भांडण लागलं ते असं. आणि शनिवारी विद्यापीठाची माणसं येणार होती, ती ओळ जिथे जन्मली त्या अंगणात तिचं चित्रीकरण करायला. त्यांचं पत्रही नवरीच्या नावाने आलं होतं. पुस्तकात दुसऱ्या कोणाचं नावच नव्हतं.

"पत्र मला आलंय, म्हणजे पुढे मी उभी राहीन," नवरी म्हणाली. "तुम्ही मागून सूर द्या."

"तुला सूर आहे?"

"नसेना. त्यांना अर्थ हवाय."

"अर्थ." अवेरोने तो शब्द तोंडातून काढून बाजूला ठेवल्यासारखा म्हटला. "तुझ्याजवळ अर्थ आहे. बरं. कोणाचा?"

थोरल्या दिरांनी माग थांबवला. "कसलं भांडं?" त्यांनी विचारलं. "हरवलंय का?"

ते भांडं मांडणीवर होतं, सगळ्यांच्या डोक्यावर. काठाचा निळा रंग अर्धा उडालाय, बुडाला टवके गेलेत, आत लाल पामतेल असतं. अवेरोचं मडकं सोळा वर्षांपूर्वी फुटलं. त्याचा एक खापराचा तुकडा कोंबड्यांना पाणी ठेवायला वापरतात.

बुधवारी दोघी बोलल्या नाहीत. अवेरोने स्वयंपाक केला आणि नवरीचं ताट बुशिराच्या हाती पाठवलं. नवरीने ताट बघितलं आणि विचारलं, "यात मासा का नाही?" बुशिराने जाऊन विचारलं. उत्तर आलं, "मासा गोऱ्या साहेबाला दिला."

गुरुवारी नवरीचा सूर बदलला. मी पडवीत मुलांच्या वह्या तपासत होते आणि ती येऊन माझ्याजवळ बसली, हळूच हसत.

"मास्तरीण, मी विचार केला. जाऊबाईंना सांगू दे की."

"काय?"

"खरं. की ओळ माझ्यावर आहे. मग काय होईल? पुस्तक पुन्हा छापलं की त्यात येईल, ही ओळ श्रीमती फेलिशियांवर केलेली आहे. आत्ता फक्त मागे आभारांत आहे. मग कवितेतच येईन. शाळेत शिकवतील." तिने गुडघ्यावरून लुगड्याची घडी नीट केली. "गोऱ्या साहेबाच्या जागी मी. वाईट काय आहे?"

हे ती मला सांगत होती, पण आवाज चुलीपर्यंत जाईल असा होता. अवेरो पाठमोरी कंदाचं पीठ हाटत होती. लाकडी हाटा एकदा थांबला आणि पुन्हा फिरू लागला, जरा जोरात.

तेव्हा मला अवेरोची अडचण कळली. गप्प बसली तर ती अज्ञात राहणार. खरं सांगितलं तर आधी नवरीचं नाव पुढे जाणार, दोनदा छापलं जाणार, आणि सगळं जग विचारणार की ही फेलिशिया कोण, जिच्यावर अशी ओळ झाली. जळणारीचं नाव लोक विचारत नाहीत. जिच्यावर जळावं तिचं विचारतात.

दुपारी ती मला म्हणाली, "मास्तरीण, शाईने लिहिलेलं खोडता येतं?"

"छापलेलं नाही येत."

"मी म्हणायची बंद केली तर?"

"तर ते तुमच्याशिवाय पुस्तकात राहील."

तिने हाट्याला चिकटलेलं पीठ बोटाने निपटलं. मग मी, कशी कोण जाणे, बोलून गेले, "जाऊबाई, माझ्यावर तुम्ही कधी ओळ नाही केलीत."

तिने माझ्याकडे बघितलं, पहिल्यांदाच बघितल्यासारखं. "तुझ्यावर?" ती म्हणाली. "तू कधी मला त्रास दिलास?" तिला वाटलं असावं, हे कौतुक आहे. मी वह्यांकडे परत गेले आणि तीन मुलांना विनाकारण नापास केलं. नंतर पुन्हा तपासून पास केलं.

शुक्रवारी दुपारी मोतीदात आली, इतर माणसांच्या एक दिवस आधी. पन्नास वर्षांची बाई, केस आखूड, डोक्याला निळं फडकं, पायात पुरुषी सपाता. अवेरोने चुलीपासून उठून तिच्यासमोर गुडघे टेकले. त्रेसष्ट वर्षांचे गुडघे; टेकताना आवाज होतो.

"आलात का हो नवरोजी," अवेरो म्हणाली. "मोतीदात माझे. जेवलात?"

"मोठी आई, ऊठ गं, ऊठ." मोतीदात तिला उठवायला वाकली. "दर वेळी काय हे."

"तुम्ही मोठे झालात म्हणून माझा नियम बदलला नाही."

दोघी चुलीपाशी बसल्या. मी जवळच भाजी निवडत होते. नवरीने मांडणीवरून पांढरं भांडं काढलं आणि चमच्याने त्यातलं तेल बाटलीत ओतायला बसली, समोरच. तेलाची बाटली आधीच भरलेली होती.

मोतीदात म्हणाली, "मोठी आई, उद्या ती ओळ म्हणशील ना? तिच्यासाठीच सगळे येताहेत. मी त्यांना सांगितलंय की तुझ्याइतकं कोणालाच येत नाही."

"ती इंग्रजीत कशी झालीय?"

"म्हणून दाखवू?"

मोतीदातने पुस्तक काढलं, चष्मा लावला आणि वाचलं. चांगलं वाचते ती. अवेरो ऐकत होती, डोकं एका बाजूला करून, बाजारात मडक्यावर टिचकी मारून ऐकतात तशी.

"छोटं झालं," ती म्हणाली.

"इंग्रजीत होतं तसं. ती भाषा शब्दांना सूर नाही देत. मी फार प्रयत्न केला गं. कधी कधी वाटतं, मी तुझ्या घरात चोरून खिडकीतून आत येतेय आणि बाहेर जाताना हातात निम्मंच आलंय." ती हसली, पण चष्मा काढून पुसू लागली. "पण आपल्या भाषेत लिहिलं असतं तर लेगॉसमध्ये तरी कोणी वाचलं असतं का? त्यांनी ऐकावं म्हणून त्यांच्याच भांड्यात वाढावं लागतं."

"लोकांनी ऐकलं?"

"टाळ्या वाजवल्या. एक म्हातारा उठून उभा राहिला."

"तुम्ही कोणाकडे बघून म्हटलंत?"

मोतीदात गोंधळली. "म्हणजे?"

"ओळ म्हणताना. कोणाकडे बघत होतात?"

"कागदाकडे."

नवरीचा चमचा थांबला होता. पामतेलाचा एक लाल थेंब बाटलीच्या बाहेरून ओघळत खाली गेला आणि तिने तो पुसला नाही. तिने माझ्याकडे बघितलं. मी पालेभाजीकडे बघितलं.

"ही ओळ किती जुनी असेल वाटतं तुम्हाला?" अवेरोने विचारलं.

"शंभर वर्षं? तेव्हाच पहिला गोरा अंमलदार इथे आला ना."

"शंभर." अवेरोने आकडा तोंडात घोळवला. "म्हणजे जिने केली ती मेली असेल."

"हो, केव्हाच. तिचं नाव कोणाला कळलं असतं तर... मी फार शोधलं, मोठी आई. फेलिशिया काकूंनाही विचारलं."

"मग ती काय म्हणाली?"

"त्या म्हणाल्या, नावं कोण लक्षात ठेवतं."

अवेरो उठली. तिला काही बोलायचं असेल असं मला वाटलं होतं, पण ती चुलीतलं लाकूड मागे ओढायला वाकली आणि मग पाण्याला गेली. मोतीदात प्रवासाने थकली होती, आत जाऊन पडली. नवरी भांडं घेऊन तिथेच बसली.

"का नाही सांगितलंत?" तिने अवेरो परत आल्यावर विचारलं. तिचा आवाज चिडलेला होता. "सांगायचं ना. मी वाट बघत बसले होते."

"बघितलीस तू वाट. मला दिसलं."

"मग?"

"मी मेले म्हणालीस तू त्यांना."

"मी असं नाही म्हटलं. नावं कोण लक्षात ठेवतं, एवढंच म्हटलं."

"तू माझं नाव विसरलीस?"

चव्वेचाळीस वर्षांत नवरीने जाऊबाईंचं नाव कधी घेतलं नव्हतं, मोठ्या जावेचं घेता येतच नव्हतं, आणि मला वाटतं त्या क्षणी तिने ते मनात एकदा म्हणून बघितलं असावं. तिचे ओठ हलले.

संध्याकाळी ऊन असेपर्यंतच जेवणं झाली. माग गुंडाळून ठेवलेले, धागे ताणून धरायचे दगड भिंतीशी. थोरले दीर, माझा नवरा, मुलं, सुना, नातवंडं, मोतीदात पाटावर मधोमध. सगळ्यांच्या ताटात काळसर पिठलं आणि भेंडीचा रस्सा होता, आणि आज नवरीच्या ताटात मासा होता. तिने तो बाजूला सारला, मग परत ओढला.

अवेरो वाढणं संपवून उभी राहिली. वाढायचा डाव हातात होता.

"उद्या पुढे मी उभी राहणार," ती म्हणाली. "पत्र कोणाच्याही नावाने येवो."

थोरल्या दिरांनी कानामागे हात धरला. बुशिराने त्यांच्या कानात ओरडून सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"पूर्ण ओरीकी म्हणणार, आणि ती ओळही म्हणणार. ती गोऱ्या साहेबावर नाही. तो गेला तेव्हा मी बापाकडे माती मळत होते. ती ओळ मी या अंगणात केली, यादवी युद्धाच्या पहिल्या वर्षी, बाजाराच्या दिवशी, हिच्यावर." तिने हातातल्या डावाने नवरीकडे दाखवलं. "माझं नाव अवेरो. मोतीदात, तुम्ही माझे नवरे, तुम्हाला ते कधी सांगावं लागलं नाही. आता लिहून घ्या."

मोतीदातचा हात ताटावर तसाच राहिला. तिच्या चेहऱ्यावरून काय काय गेलं ते मी बघत होते: बक्षीस, टीप, उठून उभा राहिलेला म्हातारा. मग ती पिशवीत पेन शोधू लागली, रश्शाच्या बोटांनी.

"आणि माझं?" नवरी म्हणाली. "माझं नाव पण लिहावं लागेल. ओळ माझ्यावर आहे."

"लिहू देत," अवेरो म्हणाली. "माझ्या खाली."

मग ती माझ्याकडे वळली. "मास्तरीण, बुशिराचं शून्य सोमवारी बदल."

"बरं," मी म्हटलं.

"आणि नवरी, उद्या तू समोर उभं राहायचं. दारात, जिथे उभी असायचीस तिथे. मी कागदाकडे बघून म्हणत नाही. भांडं हातात धरायचं. आज तेल काढ आणि घासून ठेव."